लाल ठिपक्याची बरणी

मित्रांनो, काच आरपार दिसते, म्हणजे तिच्याजवळ लपवण्यासारखं काही नसणार, असं तुम्हाला वाटत असेल तर तो समज आधी काढून टाका. मी एक जुनी काचेची बरणी आहे. जाड बुडाची, काचेच्याच झाकणाची. झाकणाखाली रबराचं लाल कडं आणि वरून तारेचा चाप. मी चेरी सांभाळल्या, काकड्या सांभाळल्या, आलुबुखार सांभाळले. आणि मग तीन वर्षं एका बाईच्या अंगाचा वास पोटात घेऊन सरकारी तळघरात बसले. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला आहे. कुणी मला हातात घेतलं की मी आधी त्याची बोटं पाहते, मग चेहरा.

माझा जन्म लाउझित्स भागातल्या एका काचेच्या कारखान्यात झाला. त्याबद्दल मला फारसं आठवत नाही. एवढ्या आगीत कुणाला काय आठवणार? आठवतं ते पेंढ्यात गुंडाळून केलेला ट्रकचा प्रवास आणि ग्राउनित्झ गावातलं दुकान. हे गाव लाइपझिगच्या दक्षिणेला, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात आहे. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते आणि आम्ही पूर्वेच्या तुकड्यात होतो. दुकानात बरण्या आल्या ही बातमी तासाभरात गावभर झाली. रोस्विता क्लिंग्नर रांगेत चौथी उभी होती. ती बालवाडीत शिकवायची. तिने आम्हा सहा बहिणींना पिशवीत घातलं आणि मुलं मोजावीत तसं दारात पुन्हा एकदा मोजून घेतलं.

घरी गेल्यावर तिने आमच्या प्रत्येकीच्या बुडाला नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावला. त्याचं कारण असं, की आमच्या गावात बरण्या एका घरात राहत नसत. भरलेली बरणी शेजारी जायची आणि शेजारून ती कधीही रिकामी परत यायची नाही. चेरी गेल्या तर काकड्या यायच्या, काकड्या गेल्या तर भोपळ्याच्या आंबटगोड फोडी यायच्या. रिकामी बरणी परत करणं म्हणजे संबंध संपल्याची चिठ्ठीच. तुमच्याकडेही शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत असं ऐकते, तेव्हा तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. एवढ्या फिरतीत कुठली बरणी मूळ कुणाची, हे कळावं म्हणून तो ठिपका.

माझी फेरी ठरलेली होती. रोस्विता तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिची मैत्रीण गुड्रुन पेट्झोल्ड दुसऱ्या. गुड्रुन रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसायची, त्यामुळे तिचा आवाज घरातही फलाटावरचाच असे.

"रोझी, तू चेरीत साखर घालतेस की साखरेत चेरी?" ती जिन्यातूनच विचारायची.

"तुझ्या काकड्यांनी जीभ सोलून निघते ना, त्यावर उतारा म्हणून घालते," वरून उत्तर यायचं.

नऊ वर्षं मी या दोघींच्या मधल्या अठरा पायऱ्या चढत-उतरत होते. माझ्या आयुष्यातला तो सुखाचा काळ होता.

गावाच्या पश्चिमेला कोळशाचा कारखाना होता. वारा तिकडून सुटला की बायका धुणं बाहेर वाळत घालत नसत, कारण पांढरा शर्ट दुपारपर्यंत करडा व्हायचा. बालवाडीतली मुलं हिवाळाभर खोकायची आणि उन्हाळ्यातही थांबायची नाहीत. रोस्विताने दोनदा अर्ज लिहिला. दोन्ही वेळा उत्तर आलं की हवेत काही दोष नाही, मुलांना लोकरीचे मोजे घालावेत.

१९८६ च्या जुलैतल्या एका रविवारी सगळं गाव फुटबॉलच्या मैदानावर गेलं होतं. मी गुड्रुनच्या टेबलावर होते, पोटात रोस्विताच्या ताज्या चेरी घेऊन. दोघींनी माझ्यासमोर एक पांढरी चादर अंथरली आणि शेगडीला लावायच्या काळ्या रंगाने तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमची मुलं का खोकतात?' एक कोपरा रोस्विताच्या हातात, दुसरा गुड्रुनच्या. चादर वाळेपर्यंत दोघी ती ताणून धरून होत्या. मग ती गुंडाळून त्यांनी रेल्वेच्या पादचारी पुलावर टांगली आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी आल्या. सामना संपायच्या आत चादर उतरवली गेली, पण अर्ध्या गावाने ती वाचली होती.

ती उतरवून नेणाऱ्या गुप्त पोलीस खात्याचं नाव आमच्याकडे कुणी मोठ्याने घेत नसे. 'ते लोक' एवढंच म्हणत. त्या लोकांचा असा विश्वास होता की प्रत्येक वासाला मालक असतो. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या खुर्चीवर नकळत एक पिवळं फडकं ठेवायचं. त्याला अर्धा तास बसू द्यायचं. मग ते फडकं चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत बंद करायचं. पुढे कुत्र्याला एकदा बरणी हुंगवायची आणि एकदा चादर. दोन्ही वास जुळले की माणूस सापडला.

आता रोस्विताच्या धाकट्या भावाची ओळख करून देते. झिगमार त्याचं नाव. कारखान्यात वायरमन होता, हसरा होता, दर रविवारी बहिणीकडे कॉफी आणि केक खायला यायचा. त्या वसंतात त्याच्या घरी टेलिफोन आला होता. आमच्या गावात टेलिफोनसाठी लोक पंधरा-पंधरा वर्षं वाट पाहत, आणि याला सात महिन्यांत मिळाला. रोस्विता म्हणायची, माझा भाऊ नशीबवान. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आज वाटलं नसतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी गुड्रुनने मला काकड्यांनी भरलं. तळाशी शेपूची जुडी, मग बोटाएवढ्या काकड्या, मोहरी, मिरी, आणि वरून उकळतं व्हिनेगर. तिला कामगार संघटनेच्या विश्रामगृहात दोन आठवडे समुद्रावर सुट्टी मिळाली होती. एका हातात सुटकेस आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती निघाली. रोस्विता घरी नव्हती. झिगमार दार वाजवून परत फिरत होता. तो जिन्यातच भेटला.

"बरं झालं भेटलास," गुड्रुन म्हणाली. "ही बरणी रोझीला दे. आणि सांग, आठ दिवस झाकण उघडायचं नाही."

"देतो की. उद्या कॉफीला येणारच आहे."

"वाटेत खाऊ नकोस हं."

"एवढाही विश्वास नाही माझ्यावर?"

दोघं हसले. मीही हसले असेन. तेव्हा मला हसायची सवय होती.

झिगमारच्या घरी टेबलावर एक पाकीट पडलं होतं. त्यात पिवळं फडकं आणि चिमटा. खात्याचा एक कप्तान होता, हाउबोल्ट नावाचा. झिगमारने त्याला सांगितलं होतं की चादर निघाली त्या आठवड्यात बहिणीच्या नखांत काळा रंग दिसला. कप्तानाने त्याला फडकं दिलं, पण बरणी दिली नाही. जुलै-ऑगस्टात सगळ्या पूर्व जर्मनीच्या बरण्या चेरीत आणि काकड्यांत अडकलेल्या असत, त्यामुळे खात्यालाही मिळत नव्हत्या. घराघरांत कान लावून बसणारं एवढं बलाढ्य खातं, आणि म्हणे बरणी तुमची तुम्ही आणा.

झिगमारची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. त्याने चाप उघडला, एक काकडी चावली आणि तोंड वाकडं केलं. "मुरल्या नाहीत अजून," तो स्वतःशीच म्हणाला. मग सगळ्या काकड्या वाडग्यात ओतून मला नळाखाली धरलं. कोमट पाणी, साबण नाही, रबराचं कडं तसंच. शेपूचा वास किती चिवट असतो हे ज्यांच्या घरी शेपूची भाजी होते त्यांना ठाऊक आहे. तो माझ्या कड्यात जाऊन बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

रविवारी त्याने मला हत्यारांच्या पिशवीत घालून रोस्विताकडे नेलं. मित्रांनो, मी माझ्याच घरात, माझ्याच टेबलाखाली, पिशवीत लपून बसले होते. वर कपबशा वाजत होत्या. आलुबुखारच्या केकचा वास येत होता. झिगमार आला तेव्हाच तिच्या खुर्चीच्या उशीवर पिवळं फडकं सरकवून त्याने वर तिची शाल टाकली होती. ती त्यावर बसली होती.

"गुड्रुनने काकड्या ठेवल्या नाहीत वाटतं," रोस्विता म्हणाली. "जायच्या आधी देते म्हणाली होती."

"गाडीची घाई असेल," झिगमार म्हणाला.

मी अंग हलवलं. चाप काचेवर आपटून वाजला.

"काय रे वाजलं पिशवीत?"

"पक्कड. केक अजून एक तुकडा दे."

तिने मोठा तुकडा दिला. अर्धा तास झाल्यावर ती म्हणाली, "थांब, या वर्षीच्या चेरी ने. खालून आणते." तळघराच्या किल्ल्या घेऊन ती जिना उतरली. तिची पावलं लांब गेली तसं त्याने फडकं चिमट्याने उचललं आणि माझ्या पोटात सोडलं. झाकण दाबलं, चाप लावला. ती त्याच्यासाठी चेरीची बरणी आणायला खाली गेली होती, तेवढ्या वेळात त्याने तिलाच बरणीत भरलं. ती वर आली तेव्हा तो हात धूत होता.

खात्यात मंगळवारी मला कुत्र्यापुढे धरलं. मोठा, शहाणा कुत्रा होता. त्याने नाक आत घातलं, मग तो दोनदा शिंकला आणि ओळीने मांडलेल्या चादरी आणि कपड्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट शिपायाच्या डब्यापाशी जाऊन बसला. डब्यात ब्रेड आणि काकडी होती. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी शिपायाने डबा आधीच बाहेर ठेवला होता, तर कुत्रा दाराकडे तोंड करून रडायला लागला. माझ्या आयुष्यात मी कुणासाठी काही केलं असेल तर ते हे. माझ्या कड्यातल्या शेपूने रोस्विताला तुरुंगापासून वाचवलं.

पण कप्तान हाउबोल्ट कुत्र्यापेक्षा हुशार निघाला. त्याने मला उलटं करून बुडाचा लाल ठिपका पाहिला आणि झिगमारला बोलावून विचारलं, "ही बरणी कुणाची?"

"बहिणीची. पण महिनाभर गुड्रुनकडे होती. त्या दोघींचं आपलं देणंघेणं चालूच असतं."

"तुमच्या बहिणीला काय वाटतं, आत्ता ही कुठे असेल?"

"गुड्रुनकडेच."

कप्तान तेव्हा पहिल्यांदा हसला. त्या हसण्याची भीती मला अजून वाटते.

शुक्रवारी रोस्विताला बोलावणं गेलं. मी टेबलावर होते, टेलिफोन आणि दौतीच्या मध्ये. ती आली, बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली.

"शेजारपाजाऱ्यांशी तुमचं चांगलं आहे ना, क्लिंग्नरबाई?" कप्तानाने विचारलं.

"चांगलं आहे."

"असं तुम्ही समजता." बोलता बोलता त्याने मला उचललं, धूळ पाहावी तसं आडवं केलं, बूड तिच्याकडे. ठिपका तिच्या डोळ्यांसमोर आला. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"ही ओळखता?"

"नाही."

"बरं. आम्हीही कुणाचं नाव घेत नाही. ज्यांनी दिली त्यांनी विश्वासाने दिली."

मला ओरडून सांगायचं होतं की मला गुड्रुनने इथे दिली असं समजू नकोस, जिन्यात काय झालं ते ऐक. पण बरणीला तोंड असतं ते फक्त भरायला. रोस्विता माझ्याकडे पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांत मला सरळ दिसलं की नऊ वर्षांची मैत्री तिथेच, त्या खुर्चीवर, संपली. चादर दोघींनी लिहिली आणि बोलावणं एकीलाच. बरणी गुड्रुनकडे गेली आणि निघाली इथे. समुद्रावरची सुट्टीसुद्धा तिला आता बक्षीस वाटायला लागली.

यानंतर मी तळघरात गेले, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते बऱ्याच वर्षांनी मी दोघींच्या तोंडून ऐकलं. रोस्विताला बालवाडीतून काढून कारखान्याच्या धोबीखान्यात टाकलं. गुड्रुन सुट्टीहून परतली, उन्हाने लाल झालेली, आणि जिन्यातच तिने हाक मारली.

"रोझी, काकड्या कशा झाल्या?"

रोस्विता पायरीवर थांबली. तिला वाटलं, हिची हिंमत तर पाहा.

"मुरल्या," ती म्हणाली.

"मीठ जास्त नाही ना झालं?"

"नाही. अगदी मोजून टाकलं होतंस."

आणि ती वर निघून गेली. गुड्रुनला काही कळेना. चार दिवसांनी तिला धोबीखान्याची बातमी समजली तेव्हा ती धावत वर गेली. दार वाजवलं. आत पावलं वाजत होती, पण दार उघडलं नाही. मग गुड्रुनच्याही मनात पाल चुकचुकली. चादर दोघींनी लिहिली, मग मला का बोलावलं नाही? तिने माझं नाव सांगितलं असेल का? की मला पकडायला तिलाच मोकळं सोडलंय? दोघी एकमेकींच्या पावलांचा आवाज ओळखून घराबाहेर पडायची वेळ बदलायला लागल्या. दुसऱ्या वसंतात गुड्रुनने नदीपलीकडच्या इमारतीत घर घेतलं. सामान हलवलं त्या दिवशी रोस्विताने पडदा लावून घेतला होता.

झिगमार मात्र दर रविवारी यायचा. रोस्विता त्याच्यापाशी मन मोकळं करायची. "कुणावर विश्वास ठेवायचा रे आता?" ती विचारायची, आणि केक चावत तो म्हणायचा, "कुणावरच नाही."

तळघरात आम्ही शेकडो बरण्या होतो. फळीवर फळी, प्रत्येकीत एक पिवळं फडकं, प्रत्येकीवर चिठ्ठी. माझ्या डावीकडच्या बरणीत पाईप ओढणारा कुणी पाद्री होता, उजवीकडे आजारी आईची सेवा करणारी एक मुलगी. वास खोटं बोलत नाही, पण तो सगळंही सांगत नाही, आणि त्या लोकांना तेवढं कळत नव्हतं. आमच्यावर देखरेख करणारा नेस्टलर म्हणून एक कारकून होता, मिळमिळीत, नियमाने धूळ पुसणारा. एकदा पुसता पुसता तो वरच्या फळीपाशी थांबला. एका बरणीवरच्या चिठ्ठीवर त्याचंच नाव होतं. त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली, बरणी नीट पुसून जागेवर ठेवली आणि काम पुढे चालू केलं. त्या दिवसापासून तो डबा उभ्यानेच खायचा. खुर्चीवर बसलेला मी त्याला पुन्हा पाहिला नाही.

१९८९ च्या डिसेंबरात एके दुपारी वर खूप पावलं वाजली. तोवर देशात उलथापालथ झाली होती आणि लोक खात्याच्या इमारतीत शिरले होते. दार उघडलं, उजेड आला आणि लोकरीच्या टोपीतल्या एका माणसाने मला उचललं.

"हे काय, लोणचं?" त्याने विचारलं.

"वरची चिठ्ठी वाच," दुसरा म्हणाला.

त्याने वाचली. मग मला दोन्ही हातांनी हळूच परत फळीवर ठेवलं. कप्तान हाउबोल्ट आधीच निघून गेला होता. पुढे त्याच इमारतीत लोकांना आपापल्या फायली वाचायला देऊ लागले आणि वाचनाच्या खोलीत एका काचेच्या कपाटात आम्हा चार-पाच जणींना मांडून ठेवलं, लोकांना पाहायला म्हणून. चिठ्ठ्या मात्र काढून घेतल्या, त्यामुळे कोण कुणाची ते कुणाला कळत नसे.

मी तिथे तीन वर्षं वाट पाहिली. मग एका सकाळी रोस्विता आली. केस पांढरे झाले होते. धोबीखान्याच्या वाफेने हात लाल. खिडकीजवळच्या टेबलावर तिच्यापुढे फाईल ठेवली आणि ती वाचायला लागली. खबऱ्याचं खरं नाव त्यात नव्हतं, नुसतं 'माळी' असं टोपणनाव होतं. प्रत्येक पानावर माळी. माळी कळवतो की नखांत काळा रंग दिसला. माळी कळवतो की ती हल्ली फार बोलत नाही. रोस्विताचे ओठ आवळलेले होते, कारण तिच्या मनात त्या नावामागे एकच चेहरा होता.

शेवटच्या पानांत एक रंगीत पोस्टकार्ड निघालं. समुद्र, दीपस्तंभ. ते तिच्या नावाने आलेलं होतं आणि तिला कधी मिळालंच नव्हतं. तिने ते पालटलं आणि पुटपुटत वाचलं.

"रोझी, पाणी बर्फासारखं आहे आणि जेवणात मीठ नाही. काकड्यांची बरणी निघताना झिगमारकडे दिली. आठ दिवस उघडू नकोस. पुढच्या वर्षी आपण दोघी येऊ. गुड्रुन."

तिने ते तीनदा वाचलं. नजर वर आली आणि समोरच्या कपाटावर, माझ्यावर येऊन थांबली.

"पाणी देऊ का?" फायली सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नको. ती बरणी द्या."

"ती नोंदलेली वस्तू आहे हो. अशी देता येत नाही."

"माझी आहे. बुडाला लाल ठिपका असेल, पाहा."

त्या बाईंनी मला काढलं, उलटं केलं. ठिपका जागेवर होता. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि एक कागद पुढे सरकवला. "सही करा. आणि आतल्या फडक्याचं काय करायचं?"

रोस्विताने चाप उघडला, फडकं बोटांनी बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. इतक्या वर्षांनी ती हसली की रडली ते मला सांगता यायचं नाही.

"माझा वास कुठे आहे यात?" ती म्हणाली. "नुसता शेपू येतोय."

त्या रविवारी झिगमार कॉफीला आला तेव्हा टेबलावर कप नव्हते. मध्यभागी मी होते.

"ही कुठे सापडली?" त्याने विचारलं.

"तू ठेवलीस तिथे."

तो टेबलावरची नक्षी पाहत राहिला. मग म्हणाला, "मी काही मारामारी केली नाही कुणाशी, रोझी. नुसता वास दिला. वास काय, हवेतच असतो."

"मग हवेतून घ्यायचा होतास. माझ्या खुर्चीवरून का घेतलास?"

तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला. जाताना तो टोपी विसरला होता. ती रोस्विताने दाराच्या कडीला अडकवून ठेवली, पण तो न्यायला आला नाही.

जुलैत चेरी आल्या. रोस्विताने मला तीनदा उकळलं, नवं कडं बसवलं, काठोकाठ चेरी भरल्या आणि मला मांडीवर घेऊन ती बसने नदीपलीकडे गेली. गुड्रुनने दार उघडलं. ती जाड झाली होती, आवाज मात्र तोच होता, पण तिने तो वापरला नाही. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"तुझ्या काकड्या मी खाल्ल्याच नाहीत," रोस्विता म्हणाली. "मला मिळाल्याच नाहीत." आणि फाईलीतून मागून आणलेलं पोस्टकार्ड तिने पुढे केलं.

गुड्रुनने स्वतःचंच अक्षर वाचलं. वाचताना तिचा अंगठा त्या 'झिगमार' शब्दावर थांबला.

"आणि तुला वाटलं, मी."

"मला वाटलं, तू."

"जिन्यात मी तुला विचारलं होतं."

"हो."

"आणि तू मला विचारलं नाहीस. एकदाही. इतकी वर्षं."

"नाही विचारलं."

गुड्रुनने मला हातातून घेतलं. "ठीक आहे," म्हणाली आणि दार लावून घेतलं. रोस्विताची पावलं जिना उतरून जाईपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी होती.

तिने मला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवलं आणि झाकण उघडलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, सहा गेले. मित्रांनो, मी तळघरात तीन वर्षं काढली, पण ते सहा आठवडे मला जास्त जड गेले. गुड्रुन कधीकधी भांडी घासता घासता वर पाहायची आणि पुन्हा भांडी घासायला लागायची. मी मनात तीनच गोष्टी घोळवत होते. ती मला कायमची इथेच ठेवील, किंवा चेरी ओतून मला रिकामीच परत पाठवील, किंवा. त्या तिसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचं धाडस मला होत नव्हतं. विश्वासाची सवय माझी कधीच मोडली होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी तिने मला खाली घेतलं. चाप उघडला. उभ्याउभ्याच एक चेरी खाल्ली, मग खुर्ची ओढून बसली आणि वाडग्यात घेऊन बऱ्याच खाल्ल्या. "साखरेत चेरी," ती हळूच म्हणाली आणि हातातल्या पुसायच्या कपड्याने तिने डोळे पुसले. मग बाजारातून आणलेली पिशवी उघडली. आधी काय बाहेर निघालं ते मी वासानेच ओळखलं. तिने मला धुतलं, पुसलं, आणि माझ्या तळाशी शेपूची जुडी ठेवली.

भरून झाल्यावर शेजारचा मुलगा दारात आला. तो नदीच्या त्या बाजूला, रोस्विताच्या घराकडे, सायकलवरून निघाला होता. "मावशी, द्या की, पोहोचवतो," म्हणाला.

"नको रे," गुड्रुन म्हणाली आणि पायांत बूट घातले. "ही मीच नेणार."

मित्रांनो, माझं ऐकाल तर एवढंच करा. तुमच्या माणसाची वस्तू त्याच्या हातात स्वतः जाऊन द्या. आणि कुणाबद्दल मनात काही आलं तर जिन्यात भेट होईल तेव्हाच, त्याच पायरीवर, तोंडाने विचारा. न विचारलेल्या प्रश्नावर कुणीतरी तिसराच आपलं झाकण घट्ट बसवतो.

हल्ली शहरातल्या संग्रहालयाचे लोक मला मागायला येतात. फार महत्त्वाची वस्तू आहे, म्हणतात, काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवू. दोनदा येऊन गेले. मी कधी रोस्विताकडे असते, कधी गुड्रुनकडे, त्यामुळे त्यांना दोन्ही दारं माहीत झाली आहेत. दोन्ही दारांत त्यांना एकच उत्तर मिळतं, की बरणी सध्या रिकामी नाही.